मयतीचं पाणी

पहिली काठी पाठीत बसली तेव्हा मी चेंबरमध्ये कंबरेपर्यंत वाकलेलो होतो. वॉल्वच्या डोक्यावर चावी बसवलेली, आटे मोजणं चालू. आठ झाले होते. दुसरी काठी बसली आणि मी आकडा विसरलो. बावीस वर्षं गावाचं पाणी सोडतोय, आकडा विसरायची ही पहिलीच वेळ. मारापेक्षा मला त्याचाच जास्त राग आला, खोटं कशाला सांगू!

"प्रेम्या, भाड्या, वर ये!" सोनाजीचा आवाज.

वर यायला सवड कुठं दिली त्यांनी? सोनाजीच्या पुतण्यानं, नरसिंगनं, मानगुटीला धरून मला ओढलं आणि तोंड चेंबरच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं. समोरचे दोन दात तिथंच गेले. मग चौघं-पाचजण लाथांनी लागले. मी गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो आणि ओरडत होतो, "अरे, तुमच्याच गल्लीचं सोडून राहिलो ना बाबांनो, तुमच्याच गल्लीचं!" खरंच त्यांच्याच गल्लीचं पाणी सोडत होतो. पण मारणाऱ्याला कान असतात का?

आता हे कशावरून झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, यानं काहीतरी खाल्लं असेल. पाणी सोडणाऱ्याबद्दल अख्खी दुनिया तेच म्हणते.

आमचं गाव वसमत तालुक्यातल्या हट्ट्याच्या अलीकडं, रस्ता सोडून आत. एक टाकी, पाच गल्ल्या. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, मग एका गल्लीला पाचव्या दिवशी पाणी, तेही चाळीस मिनिटं. टाकीखालच्या चेंबरमध्ये पाच वॉल्व आहेत. सोनाजीच्या गल्लीला चौदा आटे, आमच्या भीमनगरला बावीस, कारण भीमनगर शेवटाला आणि थोडं चढावर. हे कागदावर कुठं नाही. हे माझ्या मनगटात आहे.

आणि आमच्या गावात एक रीत आहे. मयतीच्या पाण्याला पाळी नसते. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरातला एकजण अनवाणी, उघड्या डोक्यानं चेंबरपाशी येतो आणि म्हणतो, "पाणी सोड." बस्स. कुणाचीही पाळी चालू असो, मी ती बंद करायची आणि अर्धा तास त्या गल्लीला द्यायचं. मेलेल्या माणसाला आंघोळीविना कोण नेतं? नळ यायच्या आधी आडावरही हीच रीत होती म्हणे. आता आंघोळीला लागतात दोन बादल्या आणि पाणी सुटतं अर्धा तास. बाकीचं कुठं जातं? सगळी गल्ली ड्रम भरून घेते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ना, ते हेच. पण बावीस वर्षांत कुणी खोटं मढं सांगितलं नव्हतं. तेवढी लाज गावाला होती.

त्या दिवशी सोनाजीच्या गल्लीची पाळी होती. त्याच्या घरात दुसऱ्या दिवशी हळद, म्हणून सगळे टाकीकडं डोळे लावून बसलेले. पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच मधल्या गल्लीचा सटवाजी आला. अनवाणी, उघड्या डोक्यानं.

"प्रेमानंद, पाणी सोड. बाप गेला."

त्याचा बाप वर्षभर खाटेवर होता, सगळ्या गावाला ठाऊक. मी विचारलंही नाही. चौदा आटे बंद केले, मधल्या गल्लीला अर्धा तास दिला. अर्ध्या तासानं परत सोनाजीच्या गल्लीचा वॉल्व उघडायला वाकलो, तेवढ्यात बातमी फिरली की सटवाजीचा बाप खाटेवर उठून बसलाय आणि चहा मागतोय.

सटवाजी म्हणाला, "नाडी लागत नव्हती, आमाला काय म्हाईत?" खरं असेल, खोटं असेल. म्हातारा अजून आहे, बशी भरून चहा पितो. पण मधल्या गल्लीचे सगळे ड्रम भरले आणि सोनाजीच्या हळदीच्या घरात घागरी कोरड्या राहिल्या. मग सटवाजीला कुणी मारलं का? न्हाई. सटवाजीची भावकी मोठी. चोर सोडून संन्याशाला फाशी. मार खायला गावानं पगारी माणूस ठेवलाय ना!

तोंडाला फडकं लावून घरी आलो तर माझी बायको पंचफुला पेटलेली.

"चला हट्ट्याला, ठाण्यात. आत्ताच्या आत्ता. न्हाई खडी फोडायला लावली त्या सोनाजीला तर माझं नाव बदला!"

"आन् मग?" मी म्हणालो. "मग उद्या चावी कुणाच्या हातात जाईल?"

ती परत आत वळली. कारण चावी कुणाच्या हातात जाईल हे तिलाही माहीत होतं. नरसिंग दोन वर्षांपासून त्या नोकरीवर टपलेला होता. आणि चावी नरसिंगच्या हाती गेली की भीमनगरचे बावीस आटे संपले. तो दहा फिरवेल आणि म्हणेल, सोडलं की पाणी, तुमच्या नळाला येत न्हाई तर मी काय करू? चाळीस घरांच्या बाया दीड कोस घागरी वाहतील. माझे दात गेले तर गेले, चावी राहायला पाहिजे होती.

पंचायतीत बैठक झाली. मिटवामिटवी. सोनाजी म्हणाला, "चुकलं पोरांचं. पण यानं बी खात्री काहून केली न्हाई?" मग ठरलं, यापुढं मयतीचं पाणी सोडायच्या आधी प्रेमानंदनं स्वतः जाऊन मेलेल्याचं तोंड बघायचं. आणि परत चूक झाली तर चावी पंचायतीत आणून ठेवायची. सोनाजी वर म्हणाला, "आन् एक. आपल्या भावकीवर जास्तीचं पाणी सोडताना दिसला, तर बघा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. बोलायला दात कुठं होते?

झालं. तिथून माझं डोकं फिरलं. चावी टिकवायची म्हणजे मी आपल्यांचा नाही हे दाखवायचं, असं माझ्या मनानं घेतलं. भीमनगरची चाळीस मिनिटं झाली की एकेचाळिसावं मिनिट लागू द्यायचो नाही. बाया म्हणायच्या, "भाऊ, दोन मिनिटं, कळशी अर्धी राहिली." मी चावी फिरवायचो. माझ्याच घरची कळशी अर्धी राहिली तरी फिरवायचो. पंचफुला म्हणायची, "गावाला खुश करून राहिले का तुमी, का आमाला मारून राहिले?" मी तिच्यावर खेकसायचो.

मे महिन्यात विहीर आणखी आटली, पाळी सातव्या दिवसावर गेली. भीमनगरची पाळी आली आणि त्याच दिवशी डीपी जळाला. टाकी भरलीच नाही. दोन दिवसांनी लाईट आली तेव्हा दुसऱ्या गल्लीची पाळी. गेलेली पाळी भरून द्यायची नाही, हाही गावचा नियम. आपल्या लोकांसाठी तो मोडला असता तर सोनाजी बसलाच होता. मी मोडला नाही. नऊ दिवस झाले, भीमनगर कोरडंच.

माझा चुलतभाऊ भीमराज नवव्या दिवशी माझ्या दारात आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गवंड्याच्या हाताखाली काम करतो. त्याची आई पारुबाई माझी चुलती. माझी आई दवाखान्यात होती त्या दोन वर्षांत मी तिच्याच चुलीपाशी जेवलोय.

"दादा, म्हातारीला प्यायला पाणी न्हाई. अर्धा तास सोड. कोण बघून राहिलं?"

"सगळं गाव बघून राहिलंय."

"मग आमी मेल्यावर सोडशील का?" तो ओरडला. "सांगू का मेलो म्हणून? सटवाजीनं सांगितलं तसं? येतो एक दिवस अनवाणी, बघ!"

मी त्याला ढकलून बाहेर काढला. पंचफुलानं आमच्या रांजणातली एक कळशी गुपचूप पारुबाईकडं नेऊन दिली. मला दिसलं, मी न दिसल्यासारखं केलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सोनाजीच्या गल्लीची पाळी. सकाळचे दहा, ऊन असं की चेंबरचं झाकण हाताला चटके देत होतं. सोनाजी आणि नरसिंग टाकीच्या सावलीत पाळत ठेवायला बसलेले. पंपाची थ्री-फेज लाईट चारला येणार होती, टाकीत होतं तेवढंच पाणी; घरांतली लाईट मात्र चालू होती. त्यांच्या गल्लीत नळाला मोटारी लावून ओढत होते, इथपर्यंत घरघर ऐकू येत होती. ते बंद करणं माझं काम. मी चेंबरपाशी बसून राहिलो.

आणि समोरून भीमराज आला. अनवाणी, उघड्या डोक्यानं.

"दादा, पाणी सोड. माय गेली."

मी त्याच्या पायांकडं बघितलं. तीन दिवसांपूर्वीचे त्याचे शब्द कानात वाजले.

"चांगलं सोंग घेतलंस लेका," मी म्हणालो.

"सोंग न्हाई, दादा. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकली, ती टेकलीच. शपथ घेतो."

सोनाजी हसला. "आज भीमनगराला मरायचा मुहूर्त सापडला वाटतं." नरसिंग म्हणाला, "जाय की प्रेम्या, घरचंच मढं हाय तुझं. सोड पाणी."

नियम होता, तोंड बघायचं. टाकीपासून भीमराजचं घर तीनशे पावलं. तीनशे पावलं चालायला काय लागतं? पण मी हललो नाही. सोनाजीच्या गल्लीतल्या माणसानं सांगितलं असतं तर पळत गेलो असतो. आपल्या माणसासाठी पाऊल उचललं आणि ते खोटं निघालं, तर हे दोघं जन्मभर दात काढतील, चावीही जाईल. आणि खरं सांगतो, त्या दोघांच्या समोर मला भीमराजची लाज वाटली. ही लाज कुठून आली, तिचा मुडदा बशिवला!

"चल निघ," मी म्हणालो. "पुढच्या पाळीला ये."

"दादा, ऊन वाढून राहिलं. तिला किती वेळ ठेवू?"

"निघ म्हणलं ना!"

तो निघाला नाही. त्यानं खाली वाकून चावी उचलली. "तू न्हाई तर मी सोडतो." कोणता वॉल्व कुठला हेही त्याला माहीत नव्हतं, नुसता भेलकांडल्यासारखा चेंबरमध्ये उतरायला लागला. मी त्याचा शर्ट धरून मागं ओढला, तो फाटला. त्यानं मला छातीत डोकं मारलं. मी चावी हिसकावली. चांगली चार फुटी लोखंडी चावी आहे, नवीन माणसाला एका हातानं उचलवत नाही. मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि त्याच्या खांद्यावर आणली.

हाड मोडल्याचा आवाज कसा असतो ते सांगता येणार नाही. पण ऐकला की कळतं. भीमराज खाली बसला. उजवा हात लोंबायला लागला.

तो बसला होता. त्याच्या हातात काही नव्हतं. आणि मी परत मारलं. त्यानं डावा हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं, कोपर फुटलं. पहिला फटका रागाचा होता. दुसरा मी सोनाजीला दिसावा म्हणून मारला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण ते तसंच आहे.

"आमच्यात फुकटचं पाणी न्हाई!" असंही ओरडलो वर.

भीमराज रडला नाही, शिवी दिली नाही. नुसता म्हणाला, "दादा, ती आंघोळीविना पडलीय रे."

तेवढ्यात पंचफुला धावत आली. पदराचं भान नाही, पायात काही नाही. भीमराजला बघितलं, माझ्या हातातली चावी बघितली आणि जागीच थांबली.

"काय केलं वो तुमी? काय केलं हे?" ती भीमराजपाशी खाली बसली. "पारुबाई गेल्या. मी आत्ता डोळे मिटून आले त्यांचे."

मी चेंबरमध्ये उडी टाकली. सोनाजीच्या गल्लीचे चौदा आटे बंद केले. भीमनगरच्या वॉल्ववर चावी बसवली तर हाताला घाम, चावी निसटून बोटावर आली, नख निघालं. बावीस आटे उघडले. पाइपात फुसफुस झालं. परत फुसफुस झालं. नुसती हवा. टाकी संपली होती. सोनाजीच्या गल्लीच्या मोटारींनी शेवटचा थेंब ओढून नेला होता, आणि पंपाची लाईट चारला.

वर बघितलं तर सोनाजी आणि नरसिंग निघून गेले होते.

पारुबाईला आंघोळ कशी घातली ते ऐका. भीमनगरच्या बायांनी घराघरांतून एक एक तांब्या आणला. कुणी रांजणाच्या तळाचं गाळून, कुणी लेकरांच्या प्यायच्या कळशीतलं. बारा दिवस कोरड्या घरांतलं पाणी. एकेक बाई यायची, तांब्या ओतायची, तोंड फिरवून जायची. मी सायकल काढली, हट्ट्याच्या रस्त्याला अजीजच्या दुकानावर गेलो. अजीज मोटारी बांधतो, गावाच्या पंपाचा मिस्त्रीही तोच. त्यानं माझ्या हातांवरचं रक्त बघितलं. घरातले दोन माठ रिकामे करून दोन कॅन भरले. "चल, मी बी येतो," म्हणाला. एक कॅन त्यानं घेतला, एक मी.

पारुबाईच्या दारात पंचफुला उभी होती. तिनं अजीजच्या हातातला कॅन घेतला आणि आत गेली. मी माझा पुढं केला होता. ती परत बाहेर आलीच नाही. मी तो कॅन हातात धरून किती वेळ उभा होतो, मला माहीत नाही. शेवटी ओट्याच्या कडेला ठेवला. तो तसाच राहिला.

त्रिशरण-पंचशील झालं. तिरडी उचलायची वेळ आली. भीमराजला सगळे दवाखान्यात चल म्हणत होते, तो जागचा हलला नव्हता. उजवा हात लुगड्याच्या चिंधीनं गळ्यात बांधलेला, डाव्या कोपरातून रक्त गळत होतं. पुढचा उजवा खांदा लेकाचा. तो तिथं जाऊन उभा राहिला. तिरडी उचलली आणि त्याच्या खांद्यावर टेकली, तसा तो जनावरासारखा ओरडला आणि गुडघ्यावर आला. पाच माणसं धावली. सगळ्यांत आधी मी पोचलो. दांडा धरलासुद्धा.

भीमराजनं खालूनच माझ्याकडं बघितलं. "तू न्हाई, दादा."

मी दांडा सोडला. अजीजनं तो खांद्यावर घेतला. भीमराज आईच्या पुढं रिकाम्या खांद्यानं चालला आणि मी सगळ्यांच्या मागं, बायकांच्याही मागं, वेशीपर्यंत. पुढं जायची हिंमत झाली नाही.

भीमराजनं तक्रार दिली नाही. वसमतच्या दवाखान्यात त्यानं, घसरून पडलो म्हणून हात मोडला, असं लिहायला लावलं. का, ते मला त्यानं सांगितलेलं नाही आणि मी विचारायला गेलो नाही. कदाचित त्यालाही चावीचं गणित कळत असेल. मला मात्र वाटतं, ठाण्यात नेलं असतं, दोन पट्टे मारले असते, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजीनं हाक मारली. "ये की प्रेमानंद, बस." बावीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव. ओट्यावर खुर्ची दिली, घरच्या कपात चहा दिला.

"मानलं गड्या तुला," तो म्हणाला. "रगताच्या माणसाला बी सोडलं न्हाईस. आता आमचा भरोसा बसला. चावी तुझ्याकडंच राहणार, कुणी काढून दाखवावी!"

मी तो चहा प्यालो. हेही सांगून टाकतो. कप खाली ठेवला आणि म्हणालो, "येतो." माझी चावी वाचली होती. भीमनगरचं पाणी वाचलं होतं.

त्यानंतर भीमनगरची पाळी आली. मी बावीस आटे सोडले आणि नेहमीप्रमाणं शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं का ते बघायला गल्लीतून निघालो. नळाखाली घागरी, ड्रम, पातेली, काय हाताला लागेल ते. बायांची धावपळ. माझ्याशी कुणी बोललं नाही, पण भरत होत्या. पाणी ते पाणी. पंचफुलाही भरत होती.

भीमराजच्या दारात आलो. त्याच्या नळाला तोटी नाही, गावात कुणाच्याच नाही. पाणी धो-धो येत होतं आणि नळाखाली काही नव्हतं. सगळं गटारीत चाललं होतं. भीमराजची बायको ऐश्वर्या उंबऱ्यावर बसलेली, शेजारी रिकाम्या घागरींची उतरंड. भीमराज आत खाटेवर, खांद्याला प्लास्टर.

"ऐश्वर्या, भांडं लाव माय," मी म्हणालो. "सात दिवस परत न्हाई पाणी."

तिनं मान वर केली नाही. मी एक घागर उचलून नळाखाली ठेवायला हात पुढं केला. तिनं घागरीवर हात ठेवला. नुसता ठेवला. मी माझा मागं घेतला.

आतून भीमराजचा आवाज आला. "किती वेळ हाय अजून?"

"वीस मिनिटं."

"मग तुमी जा. बाकीच्या घरांचं बघा."

मी गेलो नाही. वीस मिनिटं त्या दारात उभा राहिलो. पाणी माझ्या चपलांवरून गटारीत जात होतं, आणि शेजारची बाई ड्रम भरत असून त्या पाण्याला हात लावायला आली नाही.